नऊ नंबरची टोपली

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांचे काठ कापून नवा जिल्हा झाला, तेव्हा त्याला तीन गोष्टी तातडीने मिळाल्या: कलेक्टर, पाटी आणि गोल्फचे मैदान. पाण्याचा प्रस्ताव जुन्या जिल्ह्यांत पडून होता. हा विषय नव्याचा आहे, असे जुने कळवत होते आणि नव्याकडे अजून आवक-जावकचा शिक्का आला नव्हता.

मैदान बोरतळी गावाच्या गायरानावर झाले. त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि हिरवळ महिनाभरात जळाली. मग पुण्याहून सल्लागार आले. त्यांनी चकती-गोल्फ सुचवला. चेंडूऐवजी प्लास्टिकची चकती, खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी टोपली. या खेळाला गवत लागत नाही, पाणी लागत नाही, फक्त तिकीट लागते. दुष्काळाला इतका मानवणारा खेळ दुसरा नाही, असे ठरावात नमूद झाले.

अडचण एवढीच, की खेळायला कुणी येईना. महिन्याला पाचशे खेळाडू दाखवा, नाहीतर बदली, असे व्यवस्थापक हणमंतरावांना वरून बजावण्यात आले होते. बिचाऱ्यांची झोप उडाली.

अशात एक दिवस सरजाबाई घागर घेऊन फाटकाशी आली. गावचा टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि पंचक्रोशीतला एकमेव चालू हापसा नऊ नंबरच्या टोपलीशेजारी होता. फाटकावरच्या व्यंकटीने काठी आडवी धरली.

"काकू, आत फकस्त खेळाडूच जातेत. साहेबाचा हुकूम हाय."

"आरं, घरी सून बाळंतीण हाय. अकरा दिसाचं लेकरू हाय. प्यायला थेंब न्हाई. मी काय खेळायला येऊन राहिले का?"

आतून हणमंतराव धावत आले. त्यांना देवच पावला होता.

"मग खेळा की, काकू! दहा रुपये तिकीट. पहिल्या टोपलीपासून फेकत यायचं. नवव्या टोपलीत चकती पडली, की हापसा तुमचा. मधूनच पाण्याकडं वळलात, तर बाद."

सरजाबाईने उभी हयात शेतातल्या माळ्यावर उभी राहून ज्वारीवरची पाखरे गोफणीने हाकलली होती. तिने पदर खोचला, घागर कमरेवर घेतली आणि चकती भिरकावली. नऊ टोपल्या तिने बावीस फेकीत संपवल्या. उद्घाटनाला आलेले साहेब लोक तेवढ्या फेकींत दुसऱ्या टोपलीपर्यंतही पोचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी अकरा बायका आल्या, आठवड्याने सगळे गाव आले. मग खेळाच्या प्रतिष्ठेसाठी नियम कडक झाले. घागर हे क्रीडासाहित्य ठरले आणि तिचे वेगळे तिकीट लागले. चाळीसच्या वर फेकी झाल्या, तर अर्धीच घागर. मोतीबिंदूवाली नागुबाई चौथ्या टोपलीशी दुपारपर्यंत अडकली. सरजाबाईने तिच्या वाटची चकती फेकली, तर दोघींनाही बाद करण्यात आले. त्या दिवशी बाळंतिणीला शेजारणीने तांब्याभर पाणी दिले. मला तर वाटते, तिथेच कुणीतरी हणमंतरावांच्या कानाखाली वाजवायला हवी होती. पण उद्या पुन्हा आत जायचे होते, म्हणून कुणी हात उचलला नाही.

महिन्याकाठी दोन हजार खेळाडूंची नोंद झाली. ती पाहून टंचाई पाहणी पथक आले, भर उन्हात खेळणाऱ्या बायका पाहून थक्क झाले आणि त्यांनी अहवाल दिला: ज्या गावातल्या महिला पदरचे पैसे मोजून मनोरंजन करतात, तिथे टंचाई संभवत नाही. टँकर बंद झाला.

सरजाबाईला मात्र जिल्ह्याचा पहिला क्रीडा पुरस्कार मिळाला. मंचावर तिने चषक उलटासुलटा करून पाहिला.

"साहेब, ह्यो घ्या वापस. आमचा टँकर तेवढा चालू करा."

हणमंतरावांनी माइक हळूच आपल्याकडे ओढला आणि काकूंना आनंदाने शब्द फुटत नाहीत, असे सांगितले. टाळ्या झाल्या.

त्या सोहळ्याचा फोटो तुमच्याही मोबाइलवर आला होता. 'जिद्दीला सलाम' असे लिहून तुम्ही तो चार ग्रुपांवर पाठवलात. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मैदानाला फोनही केले. सुट्टीत मुलांना घेऊन यायचे म्हणतो, पण तिकडे प्यायच्या पाण्याची सोय आहे ना, अशी तुमची एकच काळजी होती.

निश्चिंत या. तुमच्या मागणीवरून तो हापसा कालपासून पाहुण्यांसाठी राखीव केला आहे.