फ्रिजवरच्या बारा चुका

त्या शनिवारी संध्याकाळी मी बायकोचे कपडे धुवायचं ठरवलं. एवढंच. पुढे जे काही घडलं त्याचं खापर या एका वाक्यावर फुटतं, आणि वाक्य माझंच आहे.

कपडे साधे नव्हते, व्हर्नाचे शिकारीचे होते. दुसऱ्या दिवशी हंगामाचा शेवटचा रविवार. आमच्या गावामागच्या खोऱ्यात नर एल्क मारायचा (एल्क म्हणजे अंगापिंडाने घोड्याएवढं हरिण) परवाना सोडतीत निघावा लागतो. व्हर्ना अकरा वर्षं अर्ज करत होती, आणि अकरा वर्षं नकाराचं पत्र येत होतं. या वर्षी नाव निघालं. पाकीट फोडल्यावर ती अंगणात गेली आणि अर्धा तास लाकडं फोडत राहिली. (आमच्या मोंटाना राज्यात आनंद असाच साजरा होतो. दुःखही. त्यामुळे हिवाळ्यात लाकडांची कमी पडत नाही.)

एरवी ती दुसऱ्या डोंगरात साध्या परवान्यावर शिकार करते, आणि दरवर्षी तिच्याबरोबर तिचा भाऊ वेंडेल जातो. तो ऑगस्टमध्ये छपरावरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये घालून बसला. व्हर्ना तीन रविवार एकटीच गेली. पण एकट्याने हाक मारली की एल्क सरळ हाकेच्या रोखाने बघत येतो, आणि धनुष्य उचललं की पसार होतो. म्हणून दोघं लागतात. एकाने पुढे धनुष्य घेऊन बसायचं, दुसऱ्याने चाळीस पावलं मागे बसून मादीचा आवाज काढायचा.

"मी येतो," मी म्हणालो.

व्हर्नाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत गाड्यांच्या नंबरप्लेटा देतो. बावीस वर्षांच्या संसारात मी टनभर एल्क खाल्ला असेन, जंगलात पाहिलेला एकही नाही. पण मागे बसून आवाज काढणं मला जमण्यासारखं होतं. घरात पहिल्यांदाच बोलायचं काम माझ्याकडे येत होतं.

आता त्या यादीबद्दल सांगायला हवं. आमच्या फ्रिजवर माझे सासरे ऑर्व्हल यांच्या हस्ताक्षरात एक कागद आहे. वर लिहिलंय, 'एल्कच्या मागे जाणाऱ्यांच्या चुका'. खाली बारा कलमं, आणि प्रत्येकापुढे ती चूक घरात पहिल्यांदा कोणी केली त्याचं नाव आणि साल. 'वारा पाठीवर घेणे – अर्ल, १९६८.' (अर्ल हा सासऱ्यांचा भाऊ.) 'नको तितक्या हाका मारणे – वेंडेल, १९९३.' 'बाण लागल्या लागल्या मागे धावणे – वेंडेल, १९९४.' 'नवे बूट – वेंडेल, १९९५.' सासऱ्यांनी स्वतःलाही सोडलेलं नाही. 'दरीच्या तळाशी एल्क पाडणे आणि मग वर बघणे – ऑर्व्हल, १९७४.'

यादीत व्हर्नाचं नाव नाही. बाराव्या वर्षापासून ती शिकारीला जाते, चौतीस वर्षं झाली, एक चूक नाही. ती कधी बोलून दाखवत नाही, पण फ्रिज पुसताना यादीच्या कडा ती फार निगुतीने पुसते. यादीत माझंही नाव नाही, पण त्यात माझं कर्तृत्व काही नाही. जो पाण्यात उतरलाच नाही तो बुडणार कसा. खरं सांगू, मला त्या यादीत नाव हवं होतं. त्या घराण्यात यादीत नाव असणं म्हणजे घरातलं असणं.

तर कपडे. कलम चार, 'साबणाचा वास – अर्ल, १९७०'. एल्कचं नाक भयंकर, म्हणून मी तिचे कपडे नुसत्या खाण्याच्या सोड्यात धुतले. आधी खिसे रिकामे केले. (मागे एकदा मी तिचं घड्याळ धुतलं होतं.) खिशात सुरी निघाली, दोरी निघाली, आणि टॅग निघाला. टॅग म्हणजे तो अकरा वर्षांचा परवाना, एल्क पडला की जागच्या जागी त्याच्या शिंगाला बांधायचा कागद. तो जवळ नसेल तर एल्कवर नेमसुद्धा धरायचा नाही, असा कायदा. सुरी आणि दोरी कपडे वाळल्यावर परत खिशात घातली. टॅग पडला कागद, भिजू नये म्हणून फ्रिजवर चुंबकाखाली लावला. इतका सुरक्षित कागद त्या रात्री गावात दुसरा नसेल.

मग माझे कपडे. ऑर्व्हल आपले कपडे फर नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या डहाळ्या घालून पेटीत ठेवतात, चार दिवसांत जंगलाचा वास लागतो. माझ्याकडे चार दिवस नव्हते, ड्रायर होता. मी अंगणातल्या फरच्या सहा डहाळ्या तोडल्या आणि माझ्या जाकिटाबरोबर ड्रायरमध्ये टाकल्या. चाळीस मिनिटं, कडक तापमान. वास अप्रतिम आला. जाकीट जरासं ताठ झालं होतं, पण मी मनात म्हटलं, बरं दिसतं.

पहाटे गाडी पायथ्याशी लावून आम्ही दोन तास चढलो. व्हर्ना पुढे. ती चालते तेव्हा पाचोळासुद्धा वाजत नाही. मी मागून चालत होतो तो आवाज मी इथे सांगत नाही. उजाडता उजाडता आम्ही खोऱ्याच्या काठावर पोचलो. खालून नराची हाक आली, आधी शीळ आणि मग गंजलेलं फाटक उघडल्यासारखा आवाज. माझ्या अंगावर काटा आला. व्हर्ना बसली आणि सवयीप्रमाणे एकेक खिसा चाचपू लागली. सुरी. दोरी. मग तिचा हात थांबला.

"लायल, टॅग कुठाय?"

"सुरक्षित आहे."

"कुठे सुरक्षित?"

"फ्रिजवर."

ती ओरडली नाही. ती ओरडते तेव्हा चिंता नसते. तिने बाण काढून भात्यात ठेवला, धनुष्य मांडीवर आडवं घेतलं आणि गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली.

"जा आणि घेऊन ये. मी इथेच बसते."

"एल्क खालीच आहे," मी हळूच म्हणालो. "टॅग नंतर आणला तर? इथे कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," व्हर्ना म्हणाली.

मी किल्ली घेऊन उतरायला लागलो. उतरताना तीनदा पडलो आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, ठीकच झालं.

घरी स्वयंपाकघरात ऑर्व्हल बसले होते. रविवारी ते आमच्या कुत्र्याला खायला घालायला येतात आणि स्वतः पॅनकेक खाऊन जातात. वय एक्याऐंशी. खुर्ची फ्रिजसमोर ओढून ते कॉफी पीत होते.

"ये," ते म्हणाले. "सात वाजल्यापासून तुझी वाट बघतोय."

"तुम्ही पाहिलात? मग फोन नाही का करायचा?"

"डोंगरात फोन लागतो का कधी? मीच घेऊन आलो असतो. पण माझं लायसन काढून घेतलंय ना. तुझ्याच कचेरीने."

मी चुंबकाला हात घातला.

"थांब. कागद काढ, आणि त्याच्याखाली यादीत काय लिहिलंय ते वाच."

मी टॅग उचलला. तो बरोबर कलम एकवर लावलेला होता.

"टॅग घरी विसरणे," मी वाचलं. "अर्ल, १९६८."

"मोठ्याने वाच. मला कमी ऐकू येतं."

मी मोठ्याने वाचलं. कुत्रासुद्धा माझ्याकडे बघायला लागला.

"आता नीट ऐक," ऑर्व्हल म्हणाले. "दुपारनंतर खालच्या अंगाला बसा. संध्याकाळी हवा डोंगरावरून खाली उतरते, तुझा वास वर जाणार नाही."

"माहीत आहे. कलम दोन."

"तुला सगळी कलमं पाठ आहेत रे. तेच तर दुखणं आहे." मग त्यांनी कप खाली ठेवला आणि जरा वेगळ्या आवाजात विचारलं, "ती वर एकटीच बसलीय?"

"बाण भात्यात घालून."

त्यांनी खिडकीतून डोंगराकडे पाहिलं आणि डोळे पुसले. वयामुळे पाणी येतं त्यांच्या डोळ्यांतून.

परत चढताना ऊन चांगलं तापलं होतं आणि माझ्या जाकिटाचा खरा स्वभाव बाहेर येऊ लागला. ड्रायरमध्ये डहाळ्यांचा सगळा डिंक त्यात उतरला होता आणि आता तो वितळत होता. गाडीच्या सीटवरून उठताना सीटचं कव्हर माझ्याबरोबर आलं. चढावर पानं, काटक्या, पिसं, जे भेटेल ते अंगाला चिकटत गेलं. वर पोचलो तेव्हा मी माणूस कमी आणि झुडूप जास्त होतो.

मी सोडून गेलो होतो तिथेच व्हर्ना बसलेली होती.

"आला होता," ती म्हणाली.

"कोण?"

"तो. दहा वाजता. पंधरा पावलांवर उभा राहिला. दोन्ही शिंगांना सहा-सहा फाटे. समोरच्या झऱ्याचं पाणी प्याला, माझ्याकडे बघितलं, आणि गेला."

"आणि तू?"

"मी बसले होते."

आमच्या काउंटीत असे पुष्कळ आहेत ज्यांनी आधी बाण सोडला असता आणि मग कागद आणायला गेले असते, आणि त्यांना कोणी नावंही ठेवली नसती. ही बाई अकरा वर्षांची वाट पंधरा पावलांवर पाणी पिताना बघत बसली, कारण कागद फ्रिजवर होता. कागद फ्रिजवर मी लावला होता. बावीस वर्षांपूर्वी ही मला हो का म्हणाली, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही, पण त्या दुपारी मला त्याचा फार आनंद झाला. मी टॅग तिच्या हातात दिला. तिने तो खिशात घातला, बटण लावलं आणि बटणावर दोनदा थोपटलं.

ऊन कलल्यावर ती पुढे झऱ्याजवळ बसली. मी चाळीस पावलं मागे एका जुन्या फरला पाठ टेकून बसलो. हाक मारायची रबराची पट्टी टाळूवर ठेवायची असते. आधीचे तीन दिवस मी जेवणाच्या सुट्टीत कचेरीच्या आवारात गाडीत बसून सराव केला होता, एल्क कधी आला नाही पण तीन मांजरं नेमाने येत. पट्टी तोंडात घालताना बोटांचा डिंक तिला लागला. मी एक हाक मारली. बरी आली. दुसरी मारायला गेलो तर पट्टी टाळूला जी चिकटली ती चिकटलीच. कलम पाच, 'नको तितक्या हाका मारणे', आपोआप टळलं.

उत्तर आलं, ते माझ्या पाठीमागून. मग फांद्या मोडल्याचा आवाज, मग खुरांचा, मग माझ्या कानाशी मोठा गरम श्वास. मी शहाण्या माणसासारखा पळायचं ठरवलं. पण जाकीट झाडाला घट्ट बसलं होतं, हातही मांडीवरून सुटेना. मला फक्त डोळे हलवता येत होते, ते मी मिटून घेतले. एल्कने माझी टोपी हुंगली. त्याला फरचा वास आला असणार, कारण तो फुरफुरला, माझा नाद सोडला आणि झऱ्याकडे चालू लागला.

मी डोळे उघडले तेव्हा व्हर्नाने धनुष्य ताणलेलं होतं. बाण सुटला त्याचा आवाजही मला आला नाही. एल्क साठेक पावलं गेला, उभा राहिला, आणि आडवा झाला.

ती धावली नाही. कलम नऊ. ती सावकाश चालत माझ्याजवळ आली आणि बसली. तिचे डोळे भरलेले होते.

"अर्धा तास थांबायचं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू हललाही नाहीस, लायल. तुझ्या डोक्यावर तोंड आणलं त्याने, आणि तू हलला नाहीस. वेंडेल अख्ख्या जन्मात असा बसला नाही."

मी मान डोलावली. (बोलता येत नव्हतं, पट्टी टाळूला होती. तिला तो विनय वाटला.) तो अर्धा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा अर्धा तास होता. मग ती उठली आणि हात पुढे करून म्हणाली, "चल."

मी उठलो. जाकीट नाही उठलं. ते अजूनही त्या झाडाला आहे.

व्हर्नाने मला पाहिलं, झाडाला पाहिलं, आणि हसत हसत खालीच बसली. नंतर तिने एल्कच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ डोकं खाली घातलं, आणि दोरीने टॅग शिंगाला बांधला. मी जरा लांब उभा राहिलो. तो क्षण तिचा होता.

सगळा सोमवार मांस डोंगरावरून खाली आणण्यात गेला. मंगळवारी ऑर्व्हल जेवायला आले. व्हर्नाने लोण्यात तळलेले मांसाचे काप आणि बटाटे केले होते. जेवण झाल्यावर सासरे उठले, खिशातून पेन काढलं आणि फ्रिजसमोर उभे राहिले. मी खुर्चीत सरळ बसलो. बावीस वर्षांनी माझं नाव त्या कागदावर चढणार होतं.

"एक नंबरला अर्लशेजारी तुला लिहिणार होतो," ते म्हणाले. "पण विचार केला, टॅग तुझा नव्हताच."

आणि त्यांनी लिहिलं, '१३. लायलला बरोबर नेणे – व्हर्ना, २०२४.'

चौतीस वर्षांची कोरी पाटी, माझ्यापायी गेली. व्हर्ना हात पुसत आली, शांतपणे वाचलं आणि वडिलांच्या हातून पेन घेतलं. मला वाटलं, आता ही ओळ खोडणार.

तिने फक्त साल खोडलं आणि २००२ लिहिलं.

"चूक तेव्हाची आहे, बाबा," ती म्हणाली, आणि उरलेला मोठा काप माझ्या ताटात वाढला.

मी उठून यादी जवळून पाहिली. आमचं लग्न त्याच साली झालं. कचेरीतला माणूस असल्यामुळे मी पुन्हा एकदा खात्री करून घेतली, पण नोंद अगदी अचूक होती.