हिरो, जरा बाजूला सरक

थेटरात सगळे श्वास रोखून बसले होते. पडद्यावर हिरो गुडघ्यावर बसलेला, हातात अंगठी, हिरॉइनच्या डोळ्यांत पाणी. आणि माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला, "आरं बाबा, जरा बाजूला सरक की! मागचं दुकान दिसंना!"

हे आमचे साहेबराव. पुंडलिकनगरात त्यांची नि माझी भिंत एक. तीस वर्षं शहर बसवर कंडक्टर होते, आता रिटायर. पुढच्या रांगेतली पोरंपोरी वळून बघायला लागली, मी पदर तोंडावर घेतला. वहिनी, म्हणजे साहेबरावांच्या मंडळी, निवांत पॉपकॉर्न खात राहिल्या. त्यांना सवय आहे.

आपल्या शहरात प्रेमाचे हलकेफुलके सिनेमे काढायचं खूळ निघालं तेव्हापासून साहेबराव एक सोडत नाहीत. थेटरात आला तर थेटरात, नाहीतर घरी टीव्हीवर. पण बघून आल्यावर गोष्ट विचाराल तर नन्नाचा पाढा. हिरो काय करतो, हिरॉइन कुणाची कोण, काही पत्ता नाही.

"ते दोघं व्हय? ते सारखे मधी मधी येत्यात, बाई."

त्यांचा डोळा मागच्या गल्लीवर. एकदा हिरॉइन रुसून छावणीतून निघाली नि पुढच्याच क्षणाला सिडकोतल्या बागेत जाऊन बसली. साहेबराव ताडकन उभे राहिले. "हिनं अख्खं शहर गिळलं का काय? मधले स्टॉप कुठं गेले?" तिच्यामागं हिरो पळत आला तेव्हा तर त्यांचा पाराच चढला. "पळत? आमच्या गाडीला पाऊण तास लागायचा, अन् ह्याला घाम बी नाय!"

मी छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. तेव्हा ह्या माणसाला एकदा तरी चुकीत पकडायचंच, अशी माझी खुमखुमी. पण साहेबराव सापडतील तर शपथ. गुलमंडीतली नुसती एक गॅलरी दिसली तरी म्हणणार, "गज वाकलाय, दिसला का? पतंग काढताना वाकला त्यो." एका बागेवरून मी हट्टाला पेटले, ही हिमायत बाग नव्हेच म्हणून. त्यांनी मला भर उन्हात स्कूटरवर घालून नेलं आणि सिनेमातल्या चिंचेखाली उभं केलं. "आता बोला." चिंच तीच निघाली. गुमान घरी आले.

हे वेड लागलं कसं, ते मला वहिनींनी सांगितलं. त्यांची एकुलती एक लेक, विशाखा. तिनं तीन वर्षांपूर्वी आपल्या पसंतीच्या मुलाशी लग्न केलं आणि कोल्हापूरला गेली. साहेबराव लग्नाला गेले नाहीत. वर शपथ घेतली, "मी आपण होऊन तिला फोन करणार नाय." पोरगी बापाच्याच वळणाची. म्हणाली, "बाबांनी बोलावल्याशिवाय मी त्या घरात पाय ठेवणार नाय." बसा आता! प्रेमाचा एक सिनेमा न सोडणारा बाप, घरात प्रेम जमलं तर तोंड फिरवून बसला. मला त्याचा फार राग यायचा, आणि तो मी त्यांना तोंडावर सांगितलाही. ते नुसतं "व्हय बाई" म्हणाले.

मग एक दिवस विशाखानं आईला मेसेज केला, अमुक सिनेमा बघ, त्यात आपलं शहर आहे. मेसेज पडला घरातल्या तिघांच्या ग्रुपवर. साहेबरावांनी तो सिनेमा दोनदा बघितला आणि ग्रुपवर जागांची यादी टाकली. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. पहिलं गाणं, पाणचक्की. भांडण, औरंगपुरा. तिकडून नुसता एक अंगठा आला. तेव्हापासून दर सिनेमाला यादी, आणि दर यादीला अंगठा. बापलेकीचं एवढंच बोलणं.

यंदा विशाखाला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडं ठरलेलं. पण आणणार कोण? वहिनी दोघांच्या विनवण्या करून थकल्या. माझ्या ओट्यावर बसून रडल्या बिचाऱ्या. "बाई, पोर तिथंच बाळंत व्हईल. ह्यांचा हट्ट सुटंना, तिचा बी सुटंना."

गेल्या रविवारी दुपारी त्यांच्या घरी नवा सिनेमा लावला होता. मीही होते. हिरॉइन एका दरवाजापाशी रुसून बसली. साहेबरावांनी चित्र थांबवलं, चष्मा पुसला आणि मोबाईलवर यादी लिहायला घेतली. मी मान वाकडी करून वाचलं. 'हिरॉइन रुसते, भडकल गेट.'

आणि मला आनंदाचं भरतंच आलं! "चुकलात साहेबराव! अहो, हे पैठण गेट! शेंबडं पोरगं सांगेल!"

"भडकलच हाये."

"चष्मा बदला. ही चारी बाजूंची दुकानं दिसत नाहीत?"

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बोटानं यादी धाडून दिली, मोबाईल मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं टक लावून बसले. अंगठा येईना. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

आणि फोन वाजला. वहिनी ओरडल्या, "अवो, विशीचा हाये! घ्या की!"

"बाई," ते माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "शाळंला सुट्टी आसली की शेजारी बसवून फिरवायचो तिला गाडीत. येकदा गमतीनं चुकीचा स्टॉप पुकारला, तर पोरीनं सगळी गाडी डोक्यावर घेतली व्हती."

म्हणजे ते भडकल मुद्दाम लिहिलं होतं तर! त्यांनी फोन उचलला.

"बाबा!" आवाज एवढा चढा की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "भडकल गेट कुठून काढलं? पैठण गेट हाये ते!"

"भडकल."

"पैठण! डोळे तपासून घ्या आधी!"

"बाईंना इचार पाहिजे तर. भूगोलाच्या बाई हायेत."

आली का पंचाईत! छत्तीस वर्षं नकाशावर बोट ठेवून पोरांना खरं तेच सांगितलेली मी फोनजवळ तोंड नेऊन ओरडले, "भडकलच आहे गं विशाखा!"

"तुमाला दोघांना बी काय कळत नाय!"

"मग कोल्हापुरात बसून काय भांडती?" साहेबरावांचा आवाज चिरकला. "हितं यिऊन दाखव की."

वहिनींनी माझा हात गच्च धरला. मला वाटलं, ठेवला हिनं फोन.

मग अगदी लहान आवाजात विशाखानं विचारलं, "न्यायला कोण येणार?"

"मी येतो," साहेबराव म्हणाले. "उद्याच्या पहिल्या गाडीनं येतो. पिशवी भरून ठिव."

आणि फोन वहिनींच्या हातात कोंबून ते तरातरा मोरीत गेले, तोंड धुवायला. कसलं तोंड धुतायत, रडत होते ते. मीही रडले, सांगायला लाज कसली.