शेजारचा नळ

जयप्रकाशकडे आता तेलाचा एकच कॅन उरला होता, आणि एकच तास.

तळोज्याच्या त्या प्लायवूडच्या कारखान्यात लाकडाचा भुसा बंद भट्टीत भाजून त्याचं काळंकुट्ट तेल काढत. मालक रावसाहेबांचं म्हणणं, जमिनीतल्या तेलाचे भाग पाडून लोक इंधनं काढतात, रसायनं काढतात, मग आपल्याच तेलाला काय धाड भरलीये? निदान प्लायवूडला लागणारा डिंक तरी निघू दे! बोलायला काय जातंय हो! हे तेल महाखट. तापवलं की उकळायच्या आधी फसफसायचं आणि भांड्यात दगड होऊन बसायचं. त्यासाठी नेमलेल्या जयप्रकाशनं सहा महिन्यांत असे अठरा दगड केले होते. त्यातला एक रावसाहेबांनी टेबलावर कागद दाबायला ठेवला होता.

"चारला येतो," सकाळी त्या दगडावर बोटं वाजवत ते म्हणाले होते. "तेलाचे भाग झालेले दिसले तर कायमच्या नोकरीच्या पत्रावर सही. नाहीतर कारखान्याच्या नावड्यातल्या खोलीची किल्ली देऊन टाका."

त्या खोलीला जयप्रकाशच्या बायकोनं, पुतळानं, कालच पडदे लावले होते. तिला काय सांगायचं, या विचारात त्यानं डबा उघडलाच नव्हता.

भांड्यातली हवा काढून घेतली तर तेल मंद आचेवर उकळतं, हे त्याला ठाऊक होतं. पण पंप बिघडलेला. म्हणून त्यानं प्रयोगाच्या खोलीतल्या नळाला एक पितळी तोंड बसवलं. त्यातून पाणी जोरात गेलं की बाजूच्या रबरी नळीतून भांड्यातली हवा ओढली जायची. सगळी मदार पाण्याच्या जोरावर, आणि पाणी यायचं तीन ते चार.

"मावशी, आज तीन ते चार अंगणातला नळ उघडायचा नाही," त्यानं झाडलोट करणाऱ्या गिरजाबाईंना दहादा बजावलं.

"मंग पिंप कवा भरू? मानसांनी च्या कशाचा प्यावा?"

"आजच्या दिवस, मावशी. पाया पडतो."

"बरा बरा. तुमच्या नलाला हात लावनार नाय."

तीनला अर्धा कॅन भांड्यात ओतून काम सुरू झालं. वीस मिनिटांत तेल कोमट झालं. मदतनीस पोपट वाकून बघत होता. "फेस नाय, साहेब. टेन्शन नका घेऊ."

त्याचं वाक्य संपतंय तोच नळाची धार लुळी पडली. भांड्यातली ओढ मात्र कायम. पाणी उलटं फिरलं आणि रबरी नळीतून गुळगुळ करत थेट तेलात!

"पोपट, नळी काढ! नळी!"

पोपटनं घाबरून शेगडी विझवली. नळी निघेपर्यंत लिटरभर पाणी आत गेलं होतं.

जयप्रकाश अंगणात धावला. तिथला नळ बंद होता. फाटकातून डोक्यावर हंडा घेऊन गिरजाबाई येत होत्या.

"तुमच्या नलाला बोट नाय लावला, हां! बाजूच्या कारखान्यातशी आनला. भली मानसं, माज्यासाठी चारी नल सोडलं!"

दोन्ही कारखान्यांचा पाइप एकच होता. बाईंना बोलायची सोय नव्हती. त्यांनी शब्द पाळला होता. जयप्रकाश पायरीवर बसला आणि त्याला चक्क रडू आलं. चार वाजेपर्यंत त्यानं आत पाऊल टाकलं नाही.

रावसाहेब ठरल्या वेळी आले. पोपटनं लाजेपोटी भांड्यावर स्वतःचा टॉवेल टाकला होता. रावसाहेबांनी तो खेचला.

भांड्यात स्वच्छ दोन थर होते. वर कोऱ्या चहासारखं पातळ पाणी, खाली दाट काळा चिकटा.

"भाग झाले की हो!" रावसाहेबांनी वरचं पाणी ओतायला लावलं आणि खालचा थर चिमटीत घेतला. चिमूट सुटेना. "अरे, हा तर डिंकाचा बाप!"

"साहेब, खरं सांगायचं तर ते पाणी चुकून..."

"मधे बोलू नका! पत्र कुठाय?" त्यांनी पेन धरायचा प्रयत्न केला, पण बोटं काही सुटेनात. "सही उद्या. अर्धा कॅन आहे ना अजून? उद्या माझ्यासमोर करून दाखवा. अगदी अस्संच."

गाडी गेली. पाण्यानंच तेलाचे थर झाले होते, आणि ते मापून घातलं तरी चाललं असतं, एवढं रसायनशास्त्र जयप्रकाशला येत होतं. पण पडदे कालच लागले होते; त्याला आता कसलाच धोका नको होता. तो हात जोडून पिंपापाशी गेला.

"मावशी, उद्या तीन वीसला नळ उघडाल का?"

गिरजाबाईंनी संशयानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "कंचा? तुमचा, का बाजूवाल्यांचा?"

"बाजूवाल्यांचा," जयप्रकाश म्हणाला. "चारीच्या चारी."