हिना की अंबर

श्रीपतरावांची बायको रेणुकाबाई रुसून निंबर्ग्याला माहेरी बसली होती. कारण साधंच होतं. लुगड्यापासून गाईपर्यंत एकही गोष्ट त्यांनी तिला विचारून आणली नव्हती. म्हणून तिला आणायला निघताना श्रीपतरावांनी ठरवलं, या खेपेला अत्तर न्यायचं आणि तेही तिलाच निवडू द्यायचं.

गुलबर्ग्याच्या अत्तरवाल्याने त्यांच्या डाव्या तळहातावर हिना लावला, उजव्यावर अंबर. दोन्ही ऊबदार, दोन्ही गोड. डावा हात हुंगला की रेणुका चुलीपुढे लालबुंद होऊन हसताना दिसे. उजवा हुंगला की माळवदावर चांदण्यात केस सोडून बसलेली. श्रीपतराव कितीतरी वेळ या दोन रेणुकांमध्ये येजा करत राहिले.

"बीबी को सुंघाओ, फिर बोलो कौनसा होना," अत्तरवाला म्हणाला. "पन दोनों हाथ मिलाना नक्को, बिगड जाता!"

निंबर्ग्यापर्यंत ते बैलगाडीत दोन्ही हात अधांतरी धरून, अर्धमिटल्या डोळ्यांनी बसले. गाडी खड्ड्यात आदळली की कलंडत, पण हात काही टेकवत नसत.

सासरे हणमंतराव ओट्यावरच होते. "रामराम, जावईबापू!"

हात जोडावेत तर हिना आणि अंबर एक होणार. श्रीपतरावांनी घाईघाईने उजव्या हाताने सलाम ठोकला.

"सलाम? मी काय तालुकदार हाय व्हय? हात कामून जोडंना झालाव?"

बायकोसाठी अत्तर आणलंय, हे सासऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? "जोडता येत न्हाईत, मामा," ते पुटपुटले.

"अगं बया, जावयाच्या हातावरनं वारं गेलं!" सासूबाई नागूबाई किंचाळल्या आणि लसूण घालून करडईचं तेल तापवून घेऊनच आल्या. "या, चोळून देते!"

श्रीपतराव हात वर करून अंगणभर पळू लागले, मागे नागूबाई तेलाची वाटी घेऊन. दाराआडून रेणुकाबाई बघत होती. तिला हसू आवरेना.

आता सुटका एकच होती: हात धड आहेत हे दाखवणं. श्रीपतरावांनी धावत जाऊन सासऱ्यांचे पाय दोन्ही हातांनी गच्च धरले. झालं! दोन्ही अत्तरं हणमंतरावांच्या धुळकट पायांवर मिसळली, आणि असा काही वास दरवळला की नागूबाईसुद्धा वाटी हातात धरून डोळे मिटून उभ्या राहिल्या.

श्रीपतरावांना रडूच यायचं बाकी होतं. वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायचं नसतं, हेही ते विसरले. "दोन वास आणले होते गं. त्यातला तू निवडशील म्हणून. म्या न्हाई निवडला."

रेणुकाबाई बाहेर आली. "मला इचारायला आलाव?" एवढंच म्हणाली आणि आत जाऊन गाठोडं बांधून आली. श्रीपतराव हवेत तरंगू लागले.

निघताना ती वडिलांच्या पाया पडायला वाकली. डोकं पायांवर टेकलं ते तिथेच राहिलं. तिने एक लांब श्वास घेतला, मग आणखी एक.

"लेकरू कसं हुंदके देऊन रडायलंय बघा," हणमंतराव डोळे पुसत म्हणाले. "जावईबापू, तुमी व्हा म्होरं. आठ दिस राहू द्या तिला."

"मी कुठं रडायलेय, आप्पा?" रेणुकाबाई म्हणाली. पण नाक काही तिने पायांवरून उचललं नाही.