शेवटच्या धड्यातला व्हॉल्व्ह

"माझ्या कोर्समधून माणूस बाहेर पडेल तो प्लंबर होऊनच!" प्लंबरने छाती फुगवून बायकोला सांगितलं. भिंतीवर त्याने इतक्या रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, की भिंतीला गोवर आल्यासारखं वाटत होतं. एक चिठ्ठी म्हणजे एक ऑनलाइन धडा. आधी पाण्याचा स्वभाव, मग नळ खोलून वॉशर बदलणे, मग पाइपांची घराणी, प्लंबरचे शिष्टाचार आणि अगदी शेवटी मेन व्हॉल्व्ह बंद करणे.

"अरे, पाणी बंद करायला आधी शिकव ना!" बायको म्हणाली.

"बंद करणं म्हणजे शेवट. शेवट शेवटीच येतो. कोर्सला रचना असते, राणी!"

रचना तर अशी कडेकोट, की परीक्षा पास झाल्याशिवाय पुढच्या धड्याचं कुलूपच उघडत नव्हतं.

पहिली विद्यार्थिनी म्हणजे सासूबाई. निवृत्त मुख्याध्यापिका! मुलीने प्लंबर पसंत केल्यापासून त्यांच्या तोंडून जावयाचं कौतुक कधी गळलं नव्हतं. त्यापेक्षा नादुरुस्त नळ बरा, थेंब तरी टाकतो! एकदा त्या 'छान' म्हणाल्या, की गंगेत घोडं न्हालं.

रविवारी सकाळी फोन वाजला.

"जावईबापू, नळ खोलला. पाणी आलंय."

"किती, आई?"

"सोफा हलायला लागलाय."

"आई, ओट्याखाली, बादलीच्या मागे..."

"थांबा! हे पुढच्या धड्यात आहे ना?"

"शेवटच्या. पण आत्ता..."

"म्हणजे पेपर फोडताय! उभ्या हयातीत मी कॉपी होऊ दिली नाही, आता स्वतः करू?" फोन बंद!

दोघं नवरा-बायको स्कूटरवरून सुसाट निघाले. पाणी जिना उतरून त्यांच्या स्वागताला खालीच आलं होतं. दाराला आतून कडी.

"आई, दार उघड!" बायकोने हाक मारली.

"परीक्षा चालू आहे. शांतता राखा!"

प्लंबरने दाराशेजारच्या खिडकीतून डोकावलं. सासूबाई जेवणाच्या टेबलावर मांडी घालून मोबाइलवर उत्तरं देत होत्या. खाली एक चप्पल पर्यवेक्षकासारखी संथ फेऱ्या मारत होती.

"आई, ती पाइपांची घराणी मी उगाच घातलीत हो! नुसतं भरताड आहे!" तो ओरडला.

"अभ्यासक्रमाबद्दल असं बोलू नये," आतून दटावणी आली.

बऱ्याच वेळाने पाण्याचा आवाज थांबला. कडी निघाली. सासूबाईंनी जावयाच्या हातात पोछा दिला.

संध्याकाळी कोर्सच्या पानावर पहिला अभिप्राय आला. प्लंबर नाचतच बायकोकडे धावला. "बघ, बघ! 'छान' लिहिलंय! आईंनी स्वतः!"

"पुढचं वाचलंस का?"

"पुढचं कशाला?"

बायकोने मोबाइल हातात घेऊन मोठ्याने वाचलं, "धडे छान. मात्र विद्यार्थ्याला पोहता येणं आवश्यक आहे, हे प्रवेश देतानाच कळवावं."