रंगरावांचा नेम आणि ठकूमावशींची कलिंगडं

एका जंगलात ठकूमावशी नावाची भेकर राहत होती. कुठलं जंगल ते विचारू नका. तिथे एसटी जात नाही, पण पिस्तुलावर बसवायची दुर्बीण मिळते. आणि भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं हरीण. हसू नका रे. हरणाने भुंकू नये असा काही कायदा नाही.

नदीकाठच्या वाळूत ठकूमावशींची कलिंगडाची वाडी होती. नवरा वाघाच्या पोटात गेलेला, पदरात दोन पाडसं. कलिंगडं आठ-दहा दिवसांत पिकणार होती. ती हातची गेली, तर पाऊस पडेपर्यंत तिघांना खायला काहीच नव्हतं. एवढं लक्षात ठेवा, कारण गोष्टीतल्या बाकी कुणीच ते लक्षात ठेवलं नाही.

रोज संध्याकाळी रानडुकरं यायची. मावशी बांधावर उभ्या राहून "भॉक!" करायच्या. डुकरं दचकायची आणि शेपट्या वर करून पळायची. मावशींचा घसा बसायचा, पण कलिंगडं वाचायची. असा साधा कारभार होता, आणि साधा कारभार कुणाला बघवतोय?

एके दिवशी रंगराव अस्वल वाडीवर आले. एका थपडेत डुक्कर आडवं करतील एवढे दांडगे! पण हल्ली त्यांना थप्पड मारणं कमीपणाचं वाटू लागलं होतं, कारण त्यांना पिस्तूल सापडलं होतं. एक शिकारी घाईघाईने झाडावर चढताना ते टाकून गेला होता. सोबत काडतुसांची पिशवीसुद्धा. भित्रा असला तरी माणूस दिलदार होता.

"मावशी, भुंकणं बंद करा," रंगराव म्हणाले. "ते अडाणीपणाचं दिसतं. शिवाय आवाजाने माझा नेम हलतो."

"अहो, पण भुंकलं की डुकरं जातात."

"जातात, पण मरतात का? आपल्याला कायमचा बंदोबस्त करायचाय."

पिस्तूलवाल्याशी कोण वाद घालणार? मावशींनी तोंड मिटलं.

आता पिस्तुलाला पुढे एक बारीक उंचवटा असतो. त्याला म्हणतात माशी. मागे असते खाच. खाचेतून माशी बघायची, माशीच्या पलीकडे डुक्कर बघायचं आणि चाप ओढायचा. संपलं. पण रंगरावांना वाटलं, इतकं सोपं असेल तर आपल्याला मान कोण देणार?

म्हणून ते सरडोबांच्या दुकानात गेले. सरडोबांचं दुकान उंबराच्या ढोलीत होतं. त्यांचा एक डोळा गिऱ्हाइकाकडे असायचा आणि दुसरा गिऱ्हाइकाच्या खिशाकडे.

"छे छे, माशीवर कसली शिकार करताय? आजोबांच्या जमान्यातली वस्तू ती!" सरडोबा म्हणाले. "ही हिरवी चमकती काडी लावा. डोळ्यात भरते."

रंगरावांनी काडी लावली. नवी काडी लावली की नेम जुळवून घ्यावा लागतो. नेम जुळवायला निशाण लागतं. निशाण डुकराच्या डोक्याएवढं गोल हवं. रंगरावांनी इकडेतिकडे पाहिलं.

धाड! धाड! धाड!

"मेल्या, माझी कलिंगडं!" मावशी ओरडल्या.

"शूऽऽ," रंगराव म्हणाले. "बघा, तिन्ही अगदी मधोमध फुटली. शास्त्रशुद्ध काम आहे हे."

संध्याकाळी डुकरं आली. कुणी भुंकलं नाही. कलिंगडं आयती फोडून ठेवलेली. आप्पा नावाच्या थोरल्या डुकराने एक फोड चाखली आणि त्याला गहिवरून आलं. "इतकी वर्षं आपण सालं दातांनी फोडत होतो," तो आपल्या बायकोला म्हणाला, "आणि आता साहेब स्वतः फोडून वाढतात!"

रंगरावांनी आप्पावर नेम धरला, पण चाप ओढला नाही. काडी डाव्या बाजूला जरा जास्तच चमकतेय, असं त्यांच्या लक्षात आलं. चांगल्या शिकाऱ्याने अशा चुका खपवून घ्यायच्या नसतात.

दुसऱ्या दिवशी सरडोबांनी काचेची डबी दिली. काचेत लाल ठिपका दिसायचा. पुन्हा नेम जुळवला, पुन्हा कलिंगडं फुटली. त्या संध्याकाळी डुकरं पाव्हण्यांना घेऊन आली.

मग दुर्बीण आली. ती डोंगरापलीकडची शिकार बघायला केलेली होती. आप्पा दहा पावलांवर उभा होता. रंगरावांना दुर्बिणीत त्याचा एक केस दिसला, झाडाच्या बुंध्याएवढा. "काय दाट जंगल आहे!" ते म्हणाले आणि अर्धा तास त्या जंगलात डुक्कर शोधत बसले. आप्पाने तेवढ्या वेळात दोन वेल साफ केले.

मावशींचा जीव तीळतीळ तुटत होता. "रंगराव, पाया पडते," त्या म्हणाल्या, "नेम चुकला तरी चालेल, पण एकदा डुकरावर झाडा हो!"

रंगरावांना फार वाईट वाटलं. त्यांचा अपमान झाला होता. "मावशी, चुकेल तो नेम मी धरतच नाही," ते म्हणाले.

शेवटी सरडोबांनी दुकानातली सगळ्यात भारी वस्तू काढली. तिच्यातून लाल किरण निघायचा आणि सरळ शिकारीवर पडायचा. रंगरावांनी तो आप्पाच्या कपाळावर टाकला. डुकरीण लाजून म्हणाली, "अगंबाई, किती शोभतो हो तुम्हाला!" सगळी डुकरं रांगेत उभी राहिली. प्रत्येकाला कपाळावर ठिपका हवा होता. एवढी शिस्तीत उभी राहिलेली शिकार कुठल्याच शिकाऱ्याला मिळाली नसेल.

वाडीत आता एकच कलिंगड उरलं होतं आणि पिशवीत एकच काडतूस. दोन्ही पाडसं आईला चिकटून उभी राहिली.

रंगरावांनी पिस्तूल उचललं. हात स्थिर होता. किरण आप्पाच्या दोन डोळ्यांच्या बरोबर मध्ये होता. आप्पानेही मान हलवली नाही, ठिपका सरकेल म्हणून.

तेवढ्यात रंगरावांच्या मनात आलं, एकदा खात्री करून घ्यावी.

धाड!

शेवटचं कलिंगड बरोबर मधोमध फुटलं.

"वा!" रंगराव म्हणाले. "आता नेम जुळला."

डुकरांनी ते कलिंगड खाल्लं, तोंडं पुसली, आणि आप्पा पुढे येऊन अदबीने म्हणाला, "साहेब, येतो आम्ही. आता इथे काही उरलं नाही." सगळी डुकरं नदी ओलांडून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकही डुक्कर आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"बघितलंत?" रंगराव म्हणाले. "झाला की नाही कायमचा बंदोबस्त?"

"अहो, पण माझी वाडी कुठाय?"

"वाडीचं काय घेऊन बसलात? डुकरं गेली की नाही, ते सांगा."

मावशी वाळूत बसून खूप रडल्या. मग दोन पाडसांना घेऊन डोंगरापलीकडे बहिणीच्या दारात आसऱ्याला गेल्या.

इकडे जंगलाने रंगरावांना शाल आणि नारळ दिला. सरडोबांचं भाषण झालं. आणि नदीपलीकडच्या सायाळबाईंच्या भोपळ्यांच्या वाडीत डुकरं शिरल्याचं कळताच सगळ्यांनी एकमताने ठरवलं, की रंगरावांनाच तिकडे पाठवायचं. काडतुसं वर्गणी काढून देऊ म्हणाले.

तात्पर्य : ज्याला आपला नेम कधीच चुकू नये असं वाटतं, त्याने पळू शकणाऱ्या गोष्टीवर नेम धरू नये. जागेवर बसलेली गोष्ट निवडावी. ती दुसऱ्याची असेल तर हातसुद्धा थरथरत नाही.