एकच साइट चालू

इंटरनेट बंद करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही! सरकारचा हुकूम शहराला इंटरनेट पुरवणाऱ्या आमच्या कंपनीत आला की साहेब माझ्याकडे बघतात, मी कीबोर्डकडे बघतो आणि चहा निवायच्या आत साइट गायब.

त्या सकाळी पाळी होती बाटलीवाल्या बाईंच्या साइटची. या बाई म्हणजे रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. शहरातल्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून तपासायच्या आणि निकाल साइटवर टाकायच्या. यंदाचा निकाल फारच वाईट होता. सरकारने तातडीने उपाय केला. साइट बंद करायला सांगितली.

आमच्या स्क्रीनवर दोन बटणं असतात. ‘एवढीच साइट बंद’ आणि ‘एवढीच साइट चालू’. मी दुसरं दाबलं आणि ऐटीत चहाला गेलो.

परत येतो तर ऑफिसातले सगळे फोन कोकलत होते. बंद साइट उघडायला गेलं की आमची यंत्रणा माणसाला अदबीने चालू साइटवर नेऊन सोडते. त्यामुळे बँक उघडा, नळ. सिनेमा उघडा, नळ. करमणुकीला दुसरं काहीच नसल्याने अख्ख्या शहराने पाण्याचा अहवाल वाचला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शहरात तेवढंच काय ते स्वच्छ होतं.

“तुझी नोकरी गेली,” साहेब म्हणाले आणि तसं कळवायला त्यांनी मेल उघडला. समोर आला त्यांच्याच गल्लीतला नळ.

साहेब बराच वेळ वाचत राहिले. मग घरी फोन लावून बायकोला हळूच म्हणाले, “बाळाची बाटली भरू नकोस. आधी पाणी उकळ.”

मी विचारलं, सगळं पूर्ववत करू का?

“आधी चूक शोध,” साहेब म्हणाले. “नीट शोध. घाई नको.”

मी संध्याकाळपर्यंत नीट शोधली. तोवर पाणीखात्याच्या दारात एवढी गर्दी जमली, की बरीच वर्षं न सापडलेली फुटकी पाइपलाइन त्यांना तासाभरात सापडली.

पुढच्या आठवड्यात बाई आभार मानायला आल्या. आजवर त्यांची साइट फक्त त्यांची बहीण वाचायची, तीही रागवून. मी प्रामाणिकपणे सांगितलं, बाई, चुकून झालं. बाई म्हणाल्या, “असू दे रे. मुद्दाम करणारे कुठे भेटतात?” उलट मीच त्यांच्या पाया पडलो. आमच्या घरचा नळही त्या अहवालात होता.

नोकरी वाचली. साइट बंद करायचं काम मात्र साहेबांनी एका नव्या माणसाकडे दिलंय.

त्याला शिकवायला मलाच ठेवलंय.